गादी रिकामी असतानाचे गुरुवार

बसा. दोन पानांवर नजर फिरवायची राहिली आहे, तेवढी झाली की प्रुफं तुमच्या हातात. वीज गेली आहे, म्हणून दिवा तुमच्या बाजूला सरकवते. चारच वाजलेत आणि ढगांनी बघा कसं अंधारून आलंय. दार मात्र उघडंच राहू द्या. गुरुवारी मी ते लावत नाही.

का लावत नाही, ते सांगते. तुम्ही छापखान्यातले, म्हणजे एका अर्थी माझ्या घरातलेच. मी पस्तीस वर्षं तिथे प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा आपला धंदा. स्वतःच्या चुका सापडायला निवृत्त व्हावं लागलं.

आपल्या धर्मप्रांताचे सहावे बिशप वारले, तेव्हाची गोष्ट. नवे बिशप नेमले जायला काही महिने जातात. तोवर गादी रिकामी असते आणि एक प्रशासक फादर कारभार बघतात. त्यांनी मला बिशप हाऊसवर बोलावून घेतलं.

"बाई, नवे बिशप सूत्रं घेतील त्या दिवशी वाटायला एक पुस्तिका काढायची आहे. होऊन गेलेल्या सहाही बिशपांची चरित्रं. प्रत्येकी चार पानं. जन्म, शिक्षण, दीक्षा, काय काय उभारलं, केव्हा वारले. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

ते जरा घुटमळले. "पाचवे बिशप तुमचे..."

"मामा. सख्खे."

"त्यांच्यावर लिहिणं जड नाही ना जाणार?"

"चार पानांत मावतील," मी म्हटलं. असं फटकन बोलायची मला सवय आहे. पण घरी येईपर्यंत ते वाक्य मलाच टोचत राहिलं.

मामाचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. वडील त्याआधीच गेलेले. मामा तेव्हा तरुण फादर, एका लहानशा चर्चवर नेमलेले. त्यांनी मला चर्चशेजारच्या शाळेच्या वसतिगृहात ठेवलं आणि रोज संध्याकाळी स्वतः अभ्यास घेतला. माझ्यासाठी वेणी घालायला शिकले. एक वेणी वर, एक खाली, आयुष्यात कधी दोन्ही सारख्या आल्या नाहीत. मी प्रश्न विचारून जीव खायची म्हणून मला 'कटकट' म्हणायचे. "कटकट, जेवलीस का? कटकट, पाढे झाले का?" शाळेतल्या मुली हसायच्या. मला मात्र त्या हाकेत ऊब वाटायची. ती अजून कानात आहे, लपवत नाही.

मग मामा बिशप झाले. नाकासमोर चालणारा माणूस, त्यात हाती नियमांची वही आली. सगळ्या धर्मप्रांताने त्यांच्या अंगठीचं चुंबन घेतलं, मीही रांगेत उभी राहून घेतलं. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे झाले आणि माझ्या वाट्याला सगळ्यांइतकेच आले.

माझा नवरा धर्मप्रांताच्या शाळेत शिक्षक होता. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. हक्क त्याचाच होता, सगळे म्हणत होते. मामांनी ती दुसऱ्याला दिली. कारण एकच, हा बिशपांच्या भाचीचा नवरा. आपलेच दात आणि आपलेच ओठ! मी तणतणत बिशप हाऊस गाठलं. मामा वऱ्हांड्यात भेटले. शांतपणे म्हणाले, "गुरुवारी भेटीच्या तासाला ये. सगळ्यांसारखी."

हा भेटीचा तास पहिल्या बिशपांनी सुरू केला. दर गुरुवारी चार ते पाच बिशप आपल्या खोलीत खुर्चीवर बसतात. दार सताड उघडं. बाहेर वऱ्हांड्यात बाक, त्यावर कोणीही येऊन बसावं, नंबर आला की आत जावं आणि मनातलं बोलावं. चारला एक घंटा होते, पाचला दुसरी. दुसरी घंटा झाली की बिशप उठतात. आजवरच्या सहाही जणांनी हा तास कधी चुकवला नाही.

मी गेले गुरुवारी. माझ्यापुढे नऊ जण होते. माझा नंबर यायला आणि पाचची घंटा व्हायला एकच गाठ पडली. मामा उठले आणि मागच्या दाराने निघून गेले. मी बाकावर बसलेली त्यांना दिसत होते, कारण दार उघडं होतं.

त्यानंतर मी कानाला खडा लावला. पुन्हा त्या फाटकात पाऊल टाकायचं नाही. गंमत बघा, ज्याची जागा गेली तो नवरा दोन महिन्यांत सगळं विसरला. मी अकरा वर्षं धरून बसले. मामा आजारी पडले, तेव्हा तीनदा निरोप आला, येऊन जा म्हणून. तिसऱ्या निरोपाला मी उत्तर पाठवलं, "भेटीचा तास गुरुवारी असतो ना? गुरुवारी येईन. सगळ्यांसारखी."

मामा बुधवारी गेले.

तर अशी मी, त्या घरात चरित्रं लिहायला गेले. दप्तराच्या खोलीला वाळवी लागली होती, म्हणून जुन्या कागदांची कपाटं भेटीच्या खोलीत आणून ठेवली होती. खोली साधीच होती. एक टेबल, अलीकडे येणाऱ्याची खुर्ची, पलीकडे बिशपांची. भिंतीवर सहा तसबिरी. मेणाचा, जुन्या कागदाचा आणि बंद कपड्यांचा मिळून एक वास. बिशप हाऊसचं स्वयंपाकघर तीन बिशपांपासून एकच मावशी सांभाळत होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं.

"बाई, आठवडाभर खुशाल बसा. पण गुरुवारी चारला खोलीतून बाहेर यायचं. गादी रिकामी असली तरी त्या तासाला दार उघडं ठेवायचं आणि खुर्ची मोकळी. तशी रीत आहे."

"रिकाम्या खुर्चीला भेटायला कोण येणार?"

"कोण येणार ते बघायला मी कधी थांबले नाही," मावशी म्हणाल्या आणि पातेल्याकडे वळल्या.

पहिले दिवस कामात भुर्रकन गेले. कागदांवरून माणूस कळतो, असं माझं मत होतं. पहिले बिशप जहाजाने आलेले, सगळा मुलूख पायी फिरलेले, जोडे झिजले की पत्रात त्याचीही नोंद. दुसऱ्यांना बांधकामाचं वेड, आपल्या चर्चचा मनोरा त्यांचा. तिसरे रागीट. त्यांच्या पत्रात 'नाही' हा शब्द इतक्या वेळा येतो की मी मोजायचं सोडून दिलं. चौथ्यांनी साथीच्या वर्षी चर्चमध्ये खाटा टाकल्या आणि रोग्यांच्या उशाशी स्वतः रात्री काढल्या. पाचव्यांचा गठ्ठा मी खाली सरकवून ठेवला होता. सहावे हसरे, त्यांचं लिहायला दोन दिवस पुरले.

चूक झाली ती डोळ्यांपायी. दुपार कलली की त्या खोलीत उजेड फक्त पश्चिमेच्या खिडकीतून यायचा आणि तो नेमका बिशपांच्या खुर्चीवर पडायचा. पहिल्या बिशपांचं अक्षर मुंगीसारखं. मी कागद घेऊन त्या खुर्चीत जाऊन बसले. वार कोणता, वेळ काय, डोक्यातच नाही. हातात त्यांचा भेटीच्या तासाचा मूळ हुकूम होता. "येणाऱ्याचं ऐकावं. मध्ये बोलू नये. शेवटी एवढंच म्हणावं, ऐकलं, शांतीने जा."

घंटा झाली. मावशींनी बाहेरून दार उघडून भिंतीला लावलं आणि आत न बघताच त्या निघून गेल्या.

मी उठणार, तेवढ्यात एक माणूस आत आला.

मध्यम वयाचा. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकला. ओल्या मातीचा वास आला, नुकता खड्डा खणल्यावर येतो तसा. मला वाटलं, बिचाऱ्याला माहीत नसेल बिशप वारले ते. सांगायला तोंड उघडलं, पण त्याने माझ्याकडे असं बघितलं की शब्द फुटेना. इतक्या विश्वासाने माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं.

"बिशपसाहेब," तो म्हणाला, "दोन दिवस चालून आलो. पोरगं तीन दिवसांचं होऊन गेलं. पाणी पडायच्या आधीच... बाप्तिस्मा राहिला. गावचे लोक म्हणतात, चर्चच्या आवारात ठेवता येणार नाही. मी त्याला शेताच्या बांधाशी ठेवलंय. तिथे त्याला एकट्याला... त्याच्या आईला झोप येत नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी त्याला आणतो."

तो थांबला. माझं उत्तर ऐकायला पुढे वाकला. मला काय अधिकार? मी प्रुफं तपासणारी बाई. पण हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं, ते मी वाचल्यासारखं म्हटलं, "ऐकलं. शांतीने जा."

त्याचा चेहरा सैल पडला. उठून, वाकून, तो गेला. मी मागोमाग वऱ्हांड्यात आले. बाक रिकामा होता. वऱ्हांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. समोर स्वयंपाकघराच्या दारात मावशी तेवढ्या उभ्या होत्या.

"मावशी, आता एक माणूस गेला तो..."

"मी चारपासून इथेच उभी आहे," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या मागे, खोलीतल्या ओढलेल्या खुर्चीकडे बघितलं. "तुम्ही कुठे बसला होतात, बाई?"

मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. नंतर हळूच म्हणाल्या, "रिकामी खुर्ची माणसाला लागते, भूत लागतं तशी. पुन्हा बसू नका."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बिशपांचं त्यांच्या बहिणीला लिहिलेलं एक पत्र सापडलं. भेटीचा तास का सुरू केला, ते त्यात होतं. "मला ताप होता, म्हणून फाटकावरच्या माणसाने त्याला परत पाठवलं. तो दोन दिवस चालून आला होता. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला पडलेला सापडला. त्याला काय सांगायचं होतं, ते मला आता कधीच कळणार नाही." पत्राची तारीख एकशे चाळीस वर्षांपूर्वीची.

माझी पाचावर धारण बसली. खोटं कशाला बोलू? ते पत्र हातातून खाली पडलं आणि ते उचलायला खाली वाकायचीही हिंमत होईना, टेबलाखाली अंधार होता म्हणून. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी हललं. ज्याचं ऐकायचं राहून गेलं, तो येऊ शकतो. मग मामाही येऊ शकतील. मरताना तीन निरोप पाठवले होते. म्हणजे त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

पुढच्या गुरुवारी मी आपण होऊन त्या खुर्चीत बसले.

त्या दिवशी मामा आले नाहीत. एक शिक्षिका आली, तिसऱ्या बिशपांच्या वेळची. तिने शाळेत मुलींना गाणं शिकवायची परवानगी मागणारी एकवीस पत्रं पाठवली होती आणि एकवीस वेळा 'नाही' आलं होतं. तिला परवानगी नको होती आता. फक्त कोणासमोर तरी एकदा गायचं होतं. माझ्यासमोर बसून ती गायली, अगदी हळू. मधेच सूर हलला तर ओशाळून थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून गायली. त्यानंतरच्या गुरुवारी एक म्हातारी आली. साथीच्या वर्षी चौथ्या बिशपांनी जिच्या नवऱ्याचा हात शेवटपर्यंत धरून ठेवला, ती. सगळे त्या बिशपांना देवमाणूस म्हणतात, माझ्या पानांतही तसंच लिहिलं होतं. म्हातारी म्हणाली, "हात धरला, उपकार झाले. पण मला आत सोडलं नाही. तो हात माझा होता धरायचा."

प्रत्येक वेळी भीती तीच. खोलीतला उजेड विटकरी होत जायचा, तसबिरींच्या काचांत खिडकी दिसायची आणि त्या खिडकीपुढे बसलेली मी दिसायची नाही. तरी बसायची. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता मामा. प्रत्येक वेळी दुसरंच कोणी आत यायचं आणि मला, खरं सांगते, त्या बिचाऱ्या जिवांचा राग यायचा.

माझ्या चरित्रांत फरक पडला. कोणी काय बांधलं याच्याखाली, कोणाचं ऐकायचं राहिलं, तेही मी लिहू लागले. प्रशासक फादरांनी पानं चाळली. "बाई, ही स्मरणिका आहे, तक्रारवही नव्हे."

"फादर, माणूस नुसता मनोरा बांधून बिशप होत नाही."

"ते ठीक. पाचव्यांची पानं कुठे आहेत?"

"होतायत."

"लवकर करा. नाव जाहीर झालंय. नवे बिशप पुढच्या शनिवारी सूत्रं घेतील."

म्हणजे एकच गुरुवार उरला होता. त्यानंतर ती खुर्ची रिकामी राहणार नव्हती.

त्या गुरुवारी मावशी दार उघडून गेल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या. "मला माहितेय तुम्ही कोणासाठी बसता," त्या म्हणाल्या. "मी त्यांना शेवटचं पाणी दिलं. आले, तर मला सांगू नका. मला नाही सोसायचं." मग गेल्या.

सव्वाचार झाले. साडेचार. कोणी आलं नाही. एरवी बाहेर पावलं वाजायची, ती त्या दिवशी नव्हती. घड्याळाचा आवाज तेवढा. पावणेपाच झाले. मी मनात म्हटलं, मामा, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही सगळ्यांना पुढे पाठवून शेवटी येणार. पण आज शेवट आहे हो.

दारावर दोनदा टकटक झाली. दार उघडं होतं. उघड्या दारावरही टकटक करणारा एकच माणूस मला माहीत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मामांची मेल्यावरही गेली नव्हती.

ते आत आले. साधा काळा झगा, तरुणपणी चर्चवर असताना घालायचे तसला, कोपरावर ठिगळ. बोटात अंगठी नाही. चेहरा मात्र शेवटच्या दिवसांतला असावा, मी कधी न पाहिलेला. किती वाळले होते! येणाऱ्याच्या खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवले, आणि माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"बिशपसाहेब," ते म्हणाले, "मी ही खुर्ची एकोणीस वर्षं सांभाळली. पण या बाजूला बसायला मला कधी मिळालं नाही. बिशपाने कोणाकडे जायचं, ते हुकमात लिहिलेलं नाही."

"मामा," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. ते बोलत राहिले.

"मला एक भाची आहे. फार कटकटी... म्हणजे, मीच म्हणायचो तसं. तिच्या नवऱ्याला मी जागा नाकारली. ते बरोबर होतं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते राहू दे. ती गुरुवारी आली. बाकावर बसली. मला दिसत होती. राग आला की ती अंगठ्याने बोटं मोजते, लहानपणापासून, तशी मोजत होती. मी आतल्या माणसाला घाई करू शकलो असतो. घंटा झाल्यावर दोन मिनिटं बसू शकलो असतो. वाटलं, नियम मोडला तर लोक म्हणतील, भाचीसाठी मोडला. मी उठलो."

"मामा, मीच आहे हो. इथे बघा."

ते माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते. पण नजर थांबत होती ती माझ्या अलीकडे कुठेतरी. मी टेबलावरून हात पुढे केला. त्यांच्या हाताच्या आसपासची हवा इतकी गार होती की बोटं आखडली.

"आजारी पडल्यावर तिला बोलावलं. ती गुरुवारी येणार होती. बुधवारी सकाळी मी मावशींना विचारलं, आज वार कोणता? त्या म्हणाल्या, बुधवार. मी म्हटलं, बरं, एक दिवस काढतो." ते थोडे हसले. "नाही निघाला."

मी रडत होते. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. माफ करा म्हणत होते, उशीर झाला म्हणत होते, माझ्याच जिभेला हाड नाही म्हणत होते. त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. ते सभ्यपणे वाट बघत बसले होते.

"माझा तिच्यावर राग नव्हता," ते म्हणाले. "तिला वाटत असेल, होता. एवढंच सांगायचं होतं..."

घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी. मला कळलं की त्या खुर्चीतून त्यांना एकच वाक्य ऐकू जाईल, हुकमातलं. ते म्हटलं की ते मोकळे होऊन जातील, कायमचे. नाही म्हटलं, तर घंटा होईल आणि कोणी न ऐकताच त्यांना उठावं लागेल, जशी मी उठले होते. त्यांना धरून ठेवायचा मोह मला किती झाला, तो कसा सांगू? ती दोन मिनिटं मी त्यांच्याकडे नुसती बघत बसू शकले असते. मला हवं होतं ते एवढंच की त्यांनी एकदा मला ओळखावं.

मी डोळे पुसले. आवाज लागत नव्हता, तो लावला.

"ऐकलं. शांतीने जा."

ते ऐकल्यावर त्यांचे खांदे खाली आले. उठले. टेबलाच्या या बाजूला येऊन वाकले आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटावर, जिथे बिशपांची अंगठी असते तिथे, ओठ टेकवले. मग पाठ वळवून वऱ्हांड्यात गेले आणि घंटा झाली.

शनिवारी नवे बिशप आले. खुर्ची भरली. पुस्तिका काही त्या दिवशी निघाली नाही, कारण पाचव्यांची पानं मी दिलीच नाहीत. प्रशासक फादर चिडले, मग थकले. सबंध वर्ष गेलं त्यात.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्याच गुरुवारी, चारच्या सुमाराला, इथे या घरात, एक अनोळखी म्हातारा आत आला आणि तुम्ही बसलात त्या खुर्चीवर बसून बोलू लागला. मावशी बरोबर बोलल्या होत्या, खुर्ची लागते. तेव्हापासून दर गुरुवारी कोणी ना कोणी येतं. मी दार उघडं ठेवते, ऐकते, ते वाक्य म्हणते. यातले जिवंत किती आणि नसलेले किती, ते मी बघायला जात नाही. मामा मात्र आले नाहीत. येणार कसे? मीच तर पाठवलं.

गेल्या गुरुवारी एक बाई आली होती. तिचं बोलून झालं, जायला निघाली आणि दारात थांबली.

"बाहेर बाकावर एक म्हातारे फादर बसलेत," ती म्हणाली. "माझ्या आधीपासून आहेत. मी म्हटलं, तुमचा नंबर आधी. तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, माझं सांगून झालंय. मी नुसता बसतो. इथे आतला आवाज ऐकू येतो."

ती गेल्यावर मी दाराबाहेर आले. तुम्ही आत्ताच वर चढून आलात, तुम्ही पाहिलंच असेल. माझं दार थेट जिन्यावर उघडतं. तिथे बाक ठेवायला जागाच नाही.

तेव्हा, रागावू नका. प्रुफं तुम्ही यायच्या आधीच तयार होती. पाचव्या बिशपांची चार पानं सर्वांत वर आहेत. त्या खुर्चीतून मी जे बोलत होते ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून आज कोणीतरी समोर बसलेलं हवं होतं, पहिल्यापासून सगळं बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायला. बुधवारचंही.

थांबा, एवढ्यात उठू नका... ऐकलंत? बाकाचं लाकूड करकरलं. बाहेर कोणीतरी उठून उभं राहिलंय. आणि पावलं जिना उतरत नाहीयेत.